सुनेच्या डोहाळ्यांसाठी जपानचे कॅल्पिस मुंबईत कोठे मिळेल?

मुलुंडची सासूबाई (प्रश्न)

नमस्कार. माझी सून जपानी आहे आणि तिचे माहेर ओसाकाजवळ आहे. लग्न होऊन तीन वर्षे झाली. ती आमच्याबरोबर मुलुंडला राहते, वरणभातावर लिंबू स्वतः पिळून घेते, आणि आजवर खाण्यापिण्यावरून तिने एकदाही नाक मुरडलेले नाही. आता तिला पाचवा महिना लागला आहे. आपल्या रीतीप्रमाणे मी तिला तीन-चार वेळा खोदून विचारले, तेव्हा चिंच नको, आवळा नको, कैरीही नको असे म्हणत तिने फार संकोचाने एक नाव सांगितले, ते म्हणजे कॅल्पिस. मुलाकडून कळले की हे दुधापासून केलेले, आंबटगोड, दिसायला पांढरे पण ताकाहून पुष्कळ पातळ असे शीतपेय आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची आजी ते बर्फ घालून देत असे. सासू रागावत नाही असे पाहून पाठोपाठ तिने रामुने नावाच्या सोड्याचेही नाव घेतले.

मी दोन प्रयत्न केले आणि दोन्ही फसले. पहिल्यांदा इंटरनेटवरून एक बाटली मागवली. नाव बरोबर होते, रंगही बरोबर होता. सुनेने एक घोट घेतला, "छान आहे, आई" असे म्हणाली, पेला ओट्यावर ठेवला आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. संध्याकाळपर्यंत तो पेला तसाच होता आणि बर्फ विरघळून वर पाण्याचा वेगळा थर दिसू लागला होता. रात्री मुलाने चष्मा लावून लेबल वाचले तेव्हा ती बाटली जपानची नसून आग्नेय आशियातल्या दुसऱ्याच एका देशात भरलेली असल्याचे उघड झाले.

दुसऱ्यांदा मी स्वतः क्रॉफर्ड मार्केटला गेले. तेथे परदेशी खाऊच्या एका दुकानात निळसर काचेची, गळ्यात गोटी असलेली रामुनेची बाटली मिळाली, पण तिच्यावर मुदतीची तारीख २६.०५.११ अशी छापलेली होती. पंधरा वर्षांपूर्वी मुदत संपलेला माल दोन जिवांच्या बाईला द्यायला निघालात का, असे दुकानदाराला चार शब्द सुनावून मी हात हलवत परत आले.

तेव्हा माझे विचारणे असे आहे की खरे जपानी कॅल्पिस मुंबईत मिळते का, आणि मिळत नसल्यास तिकडून येणाऱ्या कोणाला आणायला सांगितले तर विमानतळावर अडवतात का. शिवाय नाव तेच असताना चव वेगळी का लागावी, याचाही कोणी उलगडा केला तर बरे होईल, कारण इंपोर्टेड ते सगळे सारखेच असे मानणारी आमच्या घरात आता मी एकटीच उरले आहे.

योकोहामाहून पार्ल्याला

ताई, सर्वप्रथम त्या दुकानदाराकडे जाऊन त्याची समजूत काढावी लागेल. जपानमध्ये तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने छापतात, त्यामुळे २६.०५.११ म्हणजे ११ मे २०२६. बाटली चांगली होती. मी अकरा वर्षे योकोहामात काढली आणि परत आल्यावर पहिल्याच महिन्यात नेमकी उलटी चूक केली. आपल्याकडची तारीख सवयीने जपानी क्रमाने वाचून पोह्याच्या पापडांचे अख्खे पाकीट कचऱ्यात टाकले आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली.

आता कॅल्पिसविषयी. हे पेय ७ जुलै १९१९ रोजी बाजारात आले. ते तयार करणारे काइउन मिशिमा हे ओसाकाजवळच्याच एका बौद्ध मंदिरात जन्मलेले गृहस्थ होते. मंगोलियाच्या प्रवासात तेथील लोकांचे आंबवलेले दूध त्यांनी प्यायले, ते त्यांना मानवले, आणि पुढे जपानमध्ये साय काढलेले दूध विरजून, त्यात साखर घालून त्यांनी हा अर्क सिद्ध केला. नावाची गोष्ट आपल्या सुनेला आणि आपल्यालाही आवडेल. कॅल्शियममधला 'कॅल' आणि संस्कृतातल्या 'सर्पिस्' या शब्दाचा शेवट यांचा तो जोड आहे. सर्पिस् म्हणजे तूप. बौद्ध ग्रंथांत उपदेशाच्या पायऱ्यांना दुधापासून तुपापर्यंतच्या पायऱ्यांची उपमा दिलेली आहे आणि तेथून मिशिमांनी हा शब्द उचलला. तेव्हा आपली सून जे मागते आहे त्याच्या नावात निम्मे आपल्याकडचेच तूप आहे. अमेरिकेत मात्र हेच पेय कॅल्पिको या नावाने विकतात, कारण मूळ नावात इंग्रजी कानांना गोमूत्र ऐकू येते.

आपण कोणाला आणायला सांगणार असाल तर नुसते कॅल्पिस असे सांगू नका, कारण जपानमध्येच ते निरनिराळ्या रूपांत मिळते. एक असतो घट्ट अर्क, आपल्या कोकमाच्या आगळासारखा, ज्यात एका भागाला चार भाग पाणी घालतात. दुसरे, पाणी घालून तयार केलेले, १९९१ मध्ये निघाले. तिसऱ्यात सोडा असतो. आजी बर्फ घालून देत असे म्हणजे ती अर्कच वापरत असणार, आणि खरी मेख तेथे आहे. जपानी माणसाच्या आठवणीतले कॅल्पिस हे ज्याच्या-त्याच्या घरच्या प्रमाणाचे असते. माझ्या शेजारीण बाई सांगत की लहानपणी कोणाच्या घरी कॅल्पिस घट्ट मिळते आणि कोणाच्या घरी पातळ, यावरून मुले कोठे खेळायला जायचे ते ठरवत. तयार बाटलीत हा भाग येत नाही. अर्काची ४७० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली असते. तिच्यात वायू नसल्याने सामानात फसफसण्याची भीती नाही, आणि एका बाटलीत सव्वादोन लिटरांहून जास्त पेय होते.

न्हावाशेवाचा रहिवासी

मी बंदरातून माल सोडवून देण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून दुकानात काय मिळते आणि काय मिळत नाही यामागचे कारण सांगतो. रामुने मिळाले आणि कॅल्पिस मिळाले नाही हा योगायोग नाही. रामुने म्हणजे कायद्याच्या दृष्टीने साखर, आम्ल, सुवास आणि वायू घातलेले पाणी. कॅल्पिसमध्ये दूध आहे, आणि दूध म्हटले की प्रकरण बदलते. दुग्धजन्य पदार्थ आयात करताना निर्यात करणाऱ्या देशाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो, आणि ज्या गुरांचे दूध वापरले त्यांना कत्तलखान्यातील अवयवांपासून किंवा रक्तापासून केलेले खाद्य कधीही दिलेले नाही, अशी हमीही आपला देश मागतो. या एका अटीवरून अमेरिकेशी आपला वर्षानुवर्षे वाद चालू आहे. चीनच्या दुग्धजन्य पदार्थांवर तर २००८ पासून बंदीच आहे. एवढी कागदपत्रे जमवून चार खोकी कॅल्पिस आणणे लहान आयातदाराला परवडत नाही, म्हणून तो बिनदुधाचा माल आणतो आणि मोकळा होतो.

आता लेबलाविषयी. रीतसर आलेल्या बाटलीवर आयातदाराचे नाव व पत्ता, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे चिन्ह व परवाना क्रमांक आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका एवढे असावेच लागते. हा मजकूर बंदरातील गोदामात चिकटपट्टीने लावण्याची मुभा आहे, परंतु उत्पादनाची आणि मुदतीची तारीख चिकटवून चालत नाही, ती कारखान्यात छापलेलीच असावी लागते. ज्या बाटलीवर तारखेवरच चिकटपट्टी आहे ती घेऊ नये, आणि जिच्यावर आयातदाराची पट्टीच नाही ती कोणाच्या तरी बॅगेतून आली आहे असे समजावे. आणखी एक अट अशी की मालाच्या एकूण मुदतीपैकी साठ टक्के किंवा तीन महिने, यांत जे कमी असेल तेवढी मुदत सोडवणुकीच्या वेळी शिल्लक असावी लागते. म्हणून अशा दुकानांत थोडीच मुदत उरलेला माल पुष्कळदा दिसतो. त्यात काळेबेरे असतेच असे नाही, तो वाटेतच म्हातारा झालेला असतो.

कोणी बरोबर आणणार असेल तर बाटली चेक-इन सामानात ठेवावी, कारण हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेऊ देत नाहीत. आणि सीमाशुल्काच्या फॉर्मवर जाहीर करावयाच्या वस्तूंत दुग्धजन्य पदार्थांचा स्पष्ट उल्लेख असतो, तेव्हा ग्रीन चॅनेलमधून मान खाली घालून निघून जाण्यापेक्षा अधिकाऱ्याला सरळ सांगावे. घरगुती वापराच्या एक-दोन बाटल्यांविषयी निर्णय त्याचा असतो, आणि लपवलेली वस्तू सापडली की तोच अधिकारी वेगळ्या स्वरात बोलतो.

मस्कतहून परत

नाव तेच आणि चव वेगळी का, यावर माझाही अनुभव लिहितो. मी सोळा वर्षे मस्कतला होतो. तेथे रमझानमध्ये उपास सोडताना विम्टो नावाचे जांभळे सरबत घरोघरी असते, आणि आम्हा हिंदूंच्या घरीही ते केव्हा शिरले ते कळले नाही. मुंबईला परतल्यावर महंमद अली रोडला रमझानच्या गर्दीत ते सापडले तेव्हा मला फार आनंद झाला. नंतर माझ्या भाच्याने इंग्लंडहून मोठ्या प्रेमाने विम्टोचे सहा डबे आणले, आणि ते प्यायल्यावर हे कोणी दुसरेच आहे असे वाटले. वास्तविक विम्टो मूळचे इंग्लंडचेच. जॉन निकल्स यांनी ते १९०८ मध्ये मँचेस्टरला शक्तिवर्धक म्हणून काढले. पण आखातात विकले जाते ते पाणी घालून प्यायचे दाट, अतिगोड सरबत आहे, आणि भाच्याचे डबे फसफसणाऱ्या, बेताच्या गोडीच्या तयार पेयाचे होते. शिवाय इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या शीतपेयांवर कर बसला. त्या सुमारास तेथील पुष्कळ कंपन्यांनी साखर कमी करून तिच्या जागी कृत्रिम गोडी आणली.

कोकचेही तसेच आहे. अमेरिकेतील कोकमध्ये १९८० च्या दशकात साखर जाऊन मक्याचा गोड पाक आला, आणि तेथील शौकीन मेक्सिकोत भरलेली साखरेची काचेची बाटली जादा पैसे मोजून घेऊ लागले. आपल्याकडचा कोक साखरेचाच आहे. अमेरिकेहून सुट्टीत आलेली माझी पुतणी येथला कोक "वेगळा" लागतो म्हणून तोंड वाकडे करते, तेव्हा तिच्या शहरात हाच वेगळेपणा महाग विकला जातो हे तिला पटवण्याचे मी आता सोडून दिले आहे. तिला तिचा हवा आहे.

म्हणून ताई, पेयाचे नाव विचारू नका, देश विचारा. बाटली हातात घेतली की मागे वळवून आधी कोठे भरली ते पाहायचे, मग घटकांच्या यादीत गोडी कशाची आहे ते पाहायचे. यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन शब्दांत पेयाचा स्वभाव कळतो. यादीत ९५१ हा आकडा दिसला तर ते ॲस्पार्टेम, म्हणजे कृत्रिम गोडी. ते उष्णतेने हळूहळू विघटित होते आणि गोडी उतरते. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडलेला असा डबा घेऊन आठवणीतली चव शोधू नये.

गिरगावकर

एवढी यातायात कशासाठी, असे मला नम्रपणे विचारावेसे वाटते. आंबटगोड, पांढरे, दुधाचे आणि थंड, एवढीच लक्षणे असतील तर दादरला किंवा गिरगावात जाऊन पियूष पाजावे. जायफळ आहे, वेलची आहे, केशर आहे. आणि रामुनेचे म्हणाल तर तो आपला गोटी सोडाच आहे. गळ्यात गोटी अडकवण्याची ती बाटली १८७२ च्या सुमारास हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने काढली आणि तेथून ती जपानलाही गेली व आपल्याकडेही आली. रामुने हा शब्दसुद्धा लेमोनेडचाच जपानी उच्चार आहे.

योकोहामाहून पार्ल्याला

गिरगावकर, गोटी सोड्याबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, फक्त एक भर घालते. रामुनेच्या बाटलीच्या गळ्याला दोन खळगे असतात. बाटली तिरपी करताना ते खळगे खालच्या बाजूला यायला हवेत, म्हणजे गोटी तेथे अडून बसते आणि सोडा अडत नाही. जपानी मुलाला हे चौथ्या वर्षी येते, माझ्या नवऱ्याला दोन उन्हाळे लागले.

पियूषाबद्दल मात्र मान्य नाही. पियूष श्रीखंडाच्या घराण्यातले आहे, जड आहे, चमच्याने खाल्ले तरी चालेल. कॅल्पिस उन्हातून आल्यावर गटागट प्यायचे असते. त्यातल्या त्यात जवळचे काही सुचवायचे तर याकुल्ट हे आंबवलेल्या दुधाचे पेय सुचवीन. तेही जपानचेच, १९३५ चे, पण आता हरियाणात तयार होते आणि मुंबईत सहज मिळते. ६५ मिलिलिटरची एक बाटली गार साध्या सोड्यात ओतली तर चुलत बहीण म्हणता येईल एवढे साम्य येते. खरे कॅल्पिस येईपर्यंत तेवढ्यावर भागवावे.

आहारतज्ज्ञ, ठाणे

सर्वांनी गोडीची चर्चा केली, म्हणून एक अडथळा आणते. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गरोदर स्त्रीची साखरेची तपासणी दोनदा होते, एकदा पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्तातील साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली तर पुढचा सगळा आहार बदलावा लागतो. आपल्या सुनेची दुसरी तपासणी जवळ आली असणार. तिचा निकाल पाहून आणि डॉक्टरांना विचारून मग बाटली उघडावी. पेला लहान घ्यावा.

मुलुंडची सासूबाई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबले होते.

क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदाराकडे मी दुसऱ्याच आठवड्यात गेले. त्याने मला लांबूनच ओळखले. मी तारखेचा क्रम सांगू लागले तर म्हणाला, "काकू, मला ठाऊक होते, पण तुम्ही बोलू कुठे दिलेत?" रामुनेच्या चार बाटल्या घेतल्या. पट्टीवर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका, सगळे पाहून घेतले. घरी आल्यावर सुनेने तळहाताने गोटी आत ढकलली, फस्सकन आवाज झाला, फरशीवर थोडे सांडले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर मोठ्याने हसली. खळगे खाली ठेवण्याची युक्ती तिने मला शिकवली. मला अजून जमत नाही.

याकुल्ट सोड्यात घालून दिले तेव्हा तिने पेला संपवला, परंतु मी विचारताच "छान आहे, आई" असेच म्हणाली, तेव्हा मी काय ते समजले.

साखरेचा निकाल व्यवस्थित आला. त्यानंतर मुलाचा एक मित्र तोक्योहून येणार होता, त्याला अर्काच्या दोन बाटल्या आणायला सांगितल्या. त्याने विमानतळावर स्वतःहून सांगितले, अधिकाऱ्याने बाटली उलटसुलट करून पाहिली, हे काय आहे असे विचारले, आणि मित्राने दुधाचे सरबत, मैत्रीण गरोदर आहे, असे सांगितल्यावर जाऊ दिले.

गेल्या रविवारी डोहाळजेवण झाले. फुलांची वाडी भरली, ओटी भरली, बर्फी-पेढ्याच्या वाट्या झाल्या, आणि मग सून हिरव्या साडीत स्वयंपाकघरात आली व सर्वांसाठी कॅल्पिस स्वतः करते म्हणाली. मी तिला एकाला चार हे प्रमाण सांगितले. ती म्हणाली की आजीही सर्वांना चारच सांगायची, पण नातवंडांच्या पेल्यात तीन भागच पाणी घालायची. पाहुण्यांचे चाराने झाले, तिचे आणि माझे तिनाने. शेजारच्या वहिनींनी एक घोट घेऊन, "पियूष जरा पातळ झाले का हो?" असे मला हळूच विचारले. गिरगावकरांनी याची नोंद घ्यावी. सुनेने काहीच म्हटले नाही. तिने पेला दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला आणि बर्फाचा उरलेला खडा तोंडात टाकून कुडकुड खाल्ला.

पहिली बाटली त्याच दिवशी संपली. दुसरी बाळंतपणानंतर उघडायची असे तिने ठरवले आहे, आणि ती कपाटात कोकमाच्या आगळामागे ठेवली आहे. तिच्यावर २६.११.०८ अशी तारीख आहे, म्हणजे ८ नोव्हेंबरपर्यंत सवड आहे.